नेदरलँड्समधल्या म्युझियमचं तिकीट: तातडीने मदत हवी आहे

घाईत_आहे
अलीकडे कुणी नेदरलँड्सला जाऊन आलंय का? व्हॅन गॉग म्युझियमची तिकिटं काढायला बसलोय, तर सोमवारची एकही वेळ शिल्लक नाही. दुसऱ्या एका साइटवर दिसतायत, पण दुप्पट पैसे मागतात. घ्यावीत का? आणि तिथे इंग्रजीवर भागतं ना? लवकर सांगा. गूगल करा म्हणू नका, केलंय.

मुकादम
कुठला सोमवार? किती जण? राहणार कुठे?

आयंडहोवनची_आत्या
दुप्पट पैसे अजिबात देऊ नका. म्युझियमच्याच साइटवर सकाळ-संध्याकाळ बघत राहा. मला तिसऱ्या दिवशी दोन तिकिटं मिळाली होती, कुणीतरी सोडली असणार. तिथे दारात तिकीट मिळत नाही, त्यामुळे नशिबावर विसंबून जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

इंग्रजीची काळजी सोडा. चार वर्षं इथे राहून मी दुकानात डचमध्ये सुरुवात करते आणि समोरचा उत्तर इंग्रजीत देतो. मोठ्या म्युझियममध्ये चित्राखालची माहितीही डच आणि इंग्रजी दोन्हीत असते.

भटक्या_७२
सिटी कार्ड घ्या आणि मोकळे व्हा. ट्राम, म्युझियम सगळं त्यात. आम्ही तेच केलं.

आयंडहोवनची_आत्या
भटक्या, त्या कार्डात व्हॅन गॉग नाही. ॲन फ्रँकचं घरही नाही.

भटक्या_७२
आमच्या वेळी होतं.

कारकून
म्यूझेयमकार्ट, म्हणजे तिथल्या म्युझियमांचा पास, बघा. पर्यटकांना तात्पुरतं मिळतं, ३१ दिवस आणि ५ म्युझियमं. मी त्याच्यावर पूर्ण पैसे वसूल केले. ॲन फ्रँकची तिकिटं दर मंगळवारी तिथल्या सकाळी १० वाजता सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, गजर लावून बसा.

मुकादम
कारकूनसाहेब, त्यांना व्हॅन गॉग हवाय आणि तिथे कार्ड असलं तरी वेळ आधी घ्यावीच लागते. मूळ दुखणं तिथेच. ॲन फ्रँकबद्दल तर कुणी विचारलंच नाही. धागालेखक, किती जण ते सांगा हो.

घाईत_आहे
दोघं. येता सोमवार. मी नाही जाणार, आई-बाबा जाणारेत. मला इंग्रजी येतं, आईचं यथातथाच.

मुकादम
हे आधी सांगायचं ना! एकटेच? वय?

घाईत_आहे
६८ आणि ७३. ताई हेगला असते, तिच्याकडेच उतरलेत. तिला सोमवारी सुट्टी नाही, म्हणून बुकिंग माझ्या गळ्यात. बाबांचे गुडघे दुखतात.

आयंडहोवनची_आत्या
मग हेगहून ॲम्स्टरडॅम म्हणजे तासाभराचा रेल्वे प्रवास, वर ट्राम. अडचण इंग्रजीची नाही, प्रवासाची आहे. स्टेशनात शिरताना बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं, उतरल्यावर त्याच कार्डाने पुन्हा टेकवायचं. दोघांना दोन वेगळी कार्डं लागतील, एकावर दोघं चालत नाहीत. बाहेर पडताना टेकवायला विसरलं की भुर्दंड. भारतीय कार्ड असेल तर परदेशात टॅप करायची सोय बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करा.

एक डच शब्द मात्र शिकवून ठेवा: ‘स्पोर’, म्हणजे प्लॅटफॉर्म. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला तर घोषणा बरेचदा फक्त डचमध्ये होते.

वेंगुर्लेकर
अवांतर: डच म्हटलं की आमका आमची वखार आठवता. सतराव्या शतकातली, पडकी, पण अजून उभी आसा. त्यांच्या म्युझियममध्ये तिच्याबद्दल काय असा?

भटक्या_७२
ती पोर्तुगीजांची ना?

वेंगुर्लेकर
डचांची. एकदा येवन बघा.

कोरीगड
आईंना ॲम्स्टरडॅमच्याच राइक्सम्युझियममधला नटराज दाखवा. चोळ काळातलं ब्राँझ आहे. रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’समोर ही गर्दी, आणि नटराजापाशी आम्ही दोघंच. (व्हॅन गॉगला तिथे ‘फान खोख’ म्हणतात. आपल्याला ख जमतो, इंग्रजांची तारांबळ उडते.)

मुकादम
मुळात आईंना बघायचंय काय? व्हॅन गॉगच का?

घाईत_आहे
ती म्हणाली, ते निळं-पिवळं प्रसिद्ध चित्र. म्हणजे ताऱ्यांची रात्रच ना?

कोरीगड
‘स्टारी नाइट’ न्यूयॉर्कला आहे हो. ॲम्स्टरडॅमला सूर्यफुलं आहेत, पण ती पिवळ्यावर पिवळी. एकदा आईंनाच विचारा.

घाईत_आहे
आत्ता फोन केला. म्हणाली, “अरे, डोक्याला निळं-पिवळं फडकं बांधलेली मुलगी. कानात मोती.” 🤦

आयंडहोवनची_आत्या
अहो, ते व्हर्मेरचं! ते हेगलाच आहे, मॉरित्सहाउसमध्ये. सेंट्रल स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं. लिफ्ट आहे. म्युझियम आटोपशीर आहे, गुडघे टिकतील. फक्त सोमवारी दुपारी १ वाजता उघडतं, सकाळी नेऊन उभं करू नका. त्याच मजल्यावर व्हर्मेरचं डेल्फ्ट शहराचं दृश्यही आहे, बाबांना तिथे बाकावर बसवा.

कोरीगड
१८८१ साली हेगमधल्या लिलावात ते चित्र २ गिल्डर ३० सेंटला गेलं होतं. घेणाऱ्याने पुढे मृत्युपत्रात म्युझियमला देऊन टाकलं.

भटक्या_७२
सिटी कार्ड असतं तर...

मुकादम
भटक्या, ते ॲम्स्टरडॅमचं कार्ड. आपण हेगला आलोय.

घाईत_आहे
पैसे भरायला ‘आयडील’ मागतंय. ते काय?

आयंडहोवनची_आत्या
ते इथल्या बँकेत खातं असणाऱ्यांसाठी. खाली क्रेडिट कार्डाचा पर्याय असेल, तो निवडा. ओटीपी तुमच्याच फोनवर येईल.

घाईत_आहे
झालं! सोमवार दुपार, दोन तिकिटं. सगळ्यांचे आभार. आई विचारतेय, डबा आत नेता येईल का? थालीपीठं करून नेणार आहे.

आयंडहोवनची_आत्या
आत खाऊ देणार नाहीत. पिशवी लॉकरमध्ये ठेवायची. शेजारीच तळं आहे, काठावर बाकडी आहेत, तिथे बसून खा म्हणावं. सीगलांपासून थालीपीठ सांभाळा, हातातून नेतात.

वेंगुर्लेकर
वखारीचा कोणी सांगूक नाय.