सिडनीत हॉर्न्सबीला घर घेतलंय, अंगणात रेडबॅक कोळी निघाला, काय काय करावं?

मृण्मयी_सिडनी
नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच वेस्टमीडच्या युनिटमधून हॉर्न्सबीला स्वतःच्या घरात आलोय, मागे मोठं अंगण, दगड रचलेली रॉकरी आणि कुंपणापलीकडे लगेच बुश, म्हणजे जंगल. फ्लॅटमध्ये होतो तोवर कोळी म्हणजे बाथरूमच्या कोपऱ्यातलं जळमट एवढंच माहीत, इथे रोज काहीतरी नवीन दिसतं. परवा लेकाच्या तीनचाकीच्या सीटखाली काळाभोर, वाटाण्याएवढा, पाठीवर लाल पट्टा असलेला बसला होता. शेजारच्या आजोबांनी "रेडबॅक" म्हणून चिरडला आणि जाता जाता सांगून गेले की इकडे फनेलवेब नावाचे विषारी कोळीपण निघतात. झालं, माझी झोप उडाली. त्यात सासूबाई आल्यात महाडहून, सकाळी उठल्या की अनवाणी अंगणात, जास्वंदीत हात घालून पूजेची फुलं काढणार, काही बोललं की "आम्ही इंगळ्या बघितल्यात गं, कोळ्याला काय घाबरतेस." पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो सगळं घर फवारून देतो, करून घेऊ का? आणि समजा चावलाच तर? व्हॉट्सॲपवर एक म्हणतो बर्फ लावा, दुसरा म्हणतो बँडेज बांधा, ऐकायचं कुणाचं?

बापू_टूंगाबी
ताई आधी शांत व्हा. रेडबॅक तुमच्या मागे पळत येत नाही, ती बया जाळं सोडून हलत नाही. चावतो कधी, तर आपण न बघता हात घालतो तेव्हा. म्हणून जागा पाठ करून ठेवा: लेटरबॉक्स, मीटर बॉक्स, रिकाम्या कुंड्या, बाहेरच्या खुर्च्यांची खालची बाजू, बार्बेक्यूचं कव्हर, पोरांची खेळणी. जाळं ओळखायचं तर काडी फिरवून बघा, साध्या जळमटासारखं काडीला गपगुमान गुंडाळत नाही, दोरे चिवट असतात, तटतट तुटल्यासारखे वाटतात. शेजारी मळकट पांढऱ्या गोळ्या दिसल्या तर ती अंडी, एकेका गोळीत शेकड्याने असतात, त्या फवाऱ्याने मरत नाहीत, काढून चिरडायच्या. मी तर जुना झाडू आणि जाड ग्लोव्ह्ज घेऊन महिन्यातून एकदा सगळीकडे फिरतो, पेस्ट कंट्रोलला एक पैसा दिलेला नाही.

शुभांगी_ईडी
मी इथे इमर्जन्सीत नर्स आहे. मृण्मयी, तुमचे व्हॉट्सॲपवाले दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या कोळ्यांबद्दल बोलतायत.

रेडबॅक चावला तर बर्फ. बँडेज अजिबात नाही, विष हळू पसरतं आणि घट्ट बांधलं की दुखणं वाढतं फक्त. चावताना टोचल्यासारखं होतं, मग तासाभरात दुखणं चढत जातं, चावलेल्या जागीच घाम सुटतो, कधी मळमळ. त्याचं अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, १९५६ पासून आहे पण हल्ली सरसकट देत नाहीत, बऱ्याच जणांचं पेनकिलरवर भागतं. दुखणं सहन होईना, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर मात्र सरळ हॉस्पिटल.

फनेलवेबचं उलटं. मोठा, काळा, चकचकीत कोळी चावला की फनेलवेबच समजायचं, खात्री करत बसायचं नाही. इमर्जन्सीच्या ००० ला फोन, रुंद इलॅस्टिक बँडेज चावलेल्या जागेवरून सुरू करून अख्ख्या हातापायाला घट्ट गुंडाळायचं, काठी किंवा फळी लावून तो हातपाय हलू द्यायचा नाही, आणि माणसाला चालवायचं नाही, गाडीपर्यंतसुद्धा नाही. तोंडाभोवती मुंग्या, लाळ, घाम, स्नायू फडफडणं हे काही मिनिटांतही सुरू होऊ शकतं. घाबरवत नाहीये, १९८१ मध्ये अँटीव्हेनम आलं तेव्हापासून फनेलवेबने एकही माणूस दगावलेला नाही. पण बँडेज घरात हवं. तीन-चार आणा, एक गाडीत टाका आणि एकदा नवऱ्याच्या पायावर बांधून बघा, ऐनवेळी सुचत नाही. शंका असेल तर विषबाधेवर सल्ला देणाऱ्या पॉयझन्स इन्फर्मेशनचा १३ ११ २६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फ्रिजवर लिहून ठेवा.

कोथरूडकर_पर्थ
आमच्याकडे पर्थला फनेलवेबची भानगड नाही पण रेडबॅक पोत्याने. मला विचाराल तर त्यापेक्षा व्हाइट टेल कोळ्याला घाबरा, चावला की मांस सडत जातं म्हणे, आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याचा पाय कापायची वेळ आली होती. आणि ते पंजाएवढे हंट्समन कोळी दिसले की आधी स्प्रे मारा, नंतर विचार करा.

शुभांगी_ईडी
कोथरूडकर, ऑफिसातल्या एकाचा मेहुणा प्रत्येक ऑफिसात असतो 😀 व्हाइट टेल चावलेल्या १३० लोकांचा अभ्यास २००३ मध्ये छापून आलाय, खात्रीने तोच कोळी चावलेले लोक घेतले होते, त्यात एकाचंही मांस सडलं नाही. दुखतं, लाल होतं, खाजतं, बास. जखम चिघळत असेल तर कोळ्यावर ढकलून घरी बसू नका, इन्फेक्शन किंवा दुसरं काही असू शकतं, डॉक्टरला दाखवा.

आणि हंट्समनला मारू नका हो, झुरळं खातो बिचारा. आपल्याकडे गावच्या घरात भिंतीवर तो मोठा चपटा कोळी असतो ना, त्याच कुळातला. फक्त गाडीच्या सनव्हायजरमागे बसतो आणि चालवताना खाली पडतो, तेव्हा स्टीअरिंग सोडू नका, धोका तिथे आहे.

बापू_टूंगाबी
फनेलवेबचं थोडं राहिलं. तुमची ती रॉकरी म्हणजे त्याला हवी तशी जागा, ओलसर, सावली, दगडांच्या फटी. बिळाच्या तोंडाशी पांढरे रेशमी दोरे बाहेर पसरलेले दिसतात. मादी बिळातच असते, पण इथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) आणि पुढे एप्रिलपर्यंत नर मादी शोधत रात्री फिरतात, पाऊस पडून गेला की जास्तच, आणि विष नराचंच जास्त जहाल. म्हणून बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, जमिनीवर पडलेले कपडे, टॉवेल तसेच उचलायचे नाहीत. शेजारी स्विमिंग पूल असेल तर पोरांना सांगून ठेवा, तळाशी मेल्यासारखा पडलेला फनेलवेब हातात घ्यायचा नाही, अंगाच्या केसांत हवा धरून तो एक दिवस पाण्याखाली जगू शकतो.

फवारणीचं म्हणाल तर बिळातल्याला तिचा काही उपयोग नाही, वर फिरणारे बारके कोळी मरतात आणि आपल्याला वाटतं काम झालं. त्यापेक्षा रॉकरी मोकळी करा, दारांच्या खालच्या फटी ब्रशच्या पट्ट्या लावून बुजवा.

सापडलाच तर, आणि जमत असेल तरच, मोठी काचेची बरणी आडवी धरून लांब पट्टीने आत ढकलायचा, गुळगुळीत काच त्याला चढता येत नाही. सॉमर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये असे कोळी घेतात, विष काढून त्यावरच अँटीव्हेनम बनतं, सशांना थोडं थोडं टोचून. तुम्हाला तर ते एम-वन हायवेने जवळच आहे. जमत नसेल तर लांबूनच बरा.

मृण्मयी_सिडनी
खूप खूप आभार सगळ्यांचे. बँडेज आणली, नवऱ्याच्या पायावर प्रॅक्टिसपण झाली. पेस्ट कंट्रोल कॅन्सल. सासूबाईंना शुभांगीताईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, शांतपणे ऐकून घेतली, मग म्हणाल्या विंचवावर आमच्या महाडच्या बावस्कर डॉक्टरांनी औषध शोधलं तसंच हे. म्हणजे पटलंय. क्रॉक्स घालायला तयार झाल्या पण ग्लोव्ह्जवर गाडी अडलीये, "देवाची फुलं मातीतल्या हातमोज्यांनी तोडू का?"

शुभांगी_ईडी
बनिंग्ज हार्डवेअरच्या दुकानातून ग्लोव्ह्जची एक कोरी जोडी आणा आणि देवघराशेजारी वेगळी ठेवा. माझ्या आईला एवढ्यावर चाललं होतं. आणि फांदी आधी काठीने हलवायला सांगा.