ब्रिटनमधली थंडी आणि गॅसचं बिल: हीटिंग दिवसभर मंद ठेवायचं, की लागेल तेव्हाच?

मुळा_ते_टेम्स
नोव्हेंबर लागला की इथल्या मराठी घरांत हा वाद सुरू होतो. हीटिंग (बॉयलरमध्ये गॅसवर तापवलेलं पाणी खोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवायची सोय) दिवसभर मंद ठेवलं तर गॅस वाचतो, की माणसं घरात असतील तेवढ्याच वेळी लावलं तर? माझं मत ठाम आहे: लागेल तेव्हाच.

"बंद केलेलं घर परत तापवायला जास्त गॅस जातो" हे कारण सगळीकडे ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. उष्णता किती गळते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. घर निवत जातं तसा फरक कमी होतो आणि गळतीही कमी होते. बाहेर ५ अंश, आत २०, म्हणजे फरक १५. ८ तास हीटिंग बंद ठेवलं आणि घर हळूहळू १५ वर आलं, तर त्या वेळचा सरासरी फरक साडेबारा. दिवसभराच्या ३६० अंश-तासांतले (फरक गुणिले तास) २० वाचले, म्हणजे साडेपाच टक्के. घर गळकं असेल आणि १२ पर्यंत उतरत असेल तर ३२ वाचतात, जवळपास ९ टक्के. परत तापवायला लागणारा गॅस या हिशेबात आलेलाच आहे.

थर्मोस्टॅट २० वरून १९ वर आणा. बाहेरची सरासरी ७ धरली तर १३ चा फरक १२ होतो, म्हणजे सुमारे ८ टक्के बचत. रिकाम्या खोल्यांतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह हिमकणाच्या खुणेवर (पाणी गोठू नये एवढीच ऊब) ठेवा.

नळजोडणी
गणित बरोबर आहे, पण त्यात बॉयलर कुठेच नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवीन बसवलेले जवळपास सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत. गॅस जळताना पाण्याची वाफ होते आणि गॅसच्या एकूण उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्सा त्या वाफेत असतो. रेडिएटरमधून परत येणारं पाणी सुमारे ५४ अंशांच्या खाली असेल तरच बॉयलरमध्ये त्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. परतीचं पाणी जितकं गार, तितकी वसुली जास्त. बसवणारे मात्र बहुतेक वेळा फ्लो, म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५-८० वर ठेवून जातात. मग परतीचं पाणी ६० च्या आसपास येतं आणि वाफ धुराड्यातून निघून जाते.

सकाळी ६ वाजता १५ अंशांवर आलेलं घर दोन तासांत २० वर न्यायचं तर पाणी कडक तापवावंच लागतं. तुम्ही बंद ठेवून साडेपाच टक्के वाचवलेत आणि तापवताना सहा-सात टक्के घालवलेत. फ्लो ५० वर ठेवून सलग चालवलं तर ते नुकसान होत नाही. पुण्याहून आई-बाबा आले असतील, किंवा तान्हं मूल असेल, तर घर तसंही दिवसभर रिकामं नसतं.

फ्लो कमी करणं सोपं आहे. कॉम्बी बॉयलरवर (टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणारा) दोन गोल बटणं असतात, रेडिएटरचं चित्र एकावर, नळाचं दुसऱ्यावर. रेडिएटरचंच फिरवायचं. वेगळी गरम पाण्याची टाकी असेल तर आधी नीट बघून घ्या: टाकीतलं पाणी ६० अंशांना तापलंच पाहिजे, नाहीतर लिजिओनेला जिवाणू वाढतो. साध्या जोडणीत टाकी आणि रेडिएटर एकाच फ्लोवर चालतात, तिथे तो ६५ च्या खाली आणू नका.

मुळा_ते_टेम्स
मग रेडिएटरचं काय? त्यावर छापलेली क्षमता पाणी आणि खोली यांत ५० अंशांचा फरक धरून दिलेली असते. फ्लो ५५, परत ४५ केलंत की पाण्याची सरासरी ५०, खोली २०, फरक ३०. रेडिएटर निम्मीच उष्णता देतो. १००० वॉटचा असेल तर ५१५ च्या आसपास. व्हिक्टोरियन घरांत भिंत एकसंध विटांची, मधे पोकळी नाही, खिडक्या कधी एकेरी काचेच्या. बाहेर शून्य असताना अशी बैठकीची खोली १७ च्या वर चढणार नाही. थर्मोस्टॅट २० मागत राहील, बॉयलर चोवीस तास चालेल. त्या घरात "मंद" स्वस्त पडत नाही.

नळजोडणी
निम्मीच देतो, मान्य. पण कडाक्याचे दिवस इथे थोडे. बाकीचे बहुतेक दिवस ६-८ अंशांचे, त्यांना निम्मी पुरते. म्हणून ७० पासून सुरुवात करा, दोन-तीन दिवसांनी ५ अंश उतरवा, खोली दुपारपर्यंत तापत नाही असं दिसलं की एक पायरी वर या. बर्फाच्या आठवड्यात ६५ करा, नंतर परत खाली. बाहेरच्या तापमानाप्रमाणे फ्लो आपोआप बदलणारा सेन्सर बऱ्याच बॉयलरना जोडता येतो, तो बसवला तर हे हाताने करावं लागत नाही.

आणि त्याआधी रेडिएटर बॅलन्स करा. लोक हेच सोडून देतात. बॉयलरजवळचे रेडिएटर बहुतेक पाणी ओढतात, लांबचे कोमट राहतात, मग माणूस फ्लो वाढवतो. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला टोपणाखाली लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो. जवळच्यांचा पूर्ण बंद करून पाव ते अर्धा फेरा उघडा, सगळ्यांत लांबचा पूर्ण उघडा. अर्ध्या तासाने दोन्ही पाइपांचं तापमान बघा. जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात १५-२० अंशांचा फरक यायला हवा. फ्लो अगदी कमी असेल तर १० सुद्धा चालेल. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे, हीटिंग थांबवून चावीने काढा. त्यानंतर बॉयलरचा दाब उतरतो, थंड असताना तो १ ते दीड बार भरून घ्या. हे सगळं आपलं आपण करता येतं. बॉयलरचं झाकण उघडणं मात्र गॅस सेफ नोंदणी असलेल्याचंच काम.

ओल_नको
दोघांच्याही बोलण्यात भिंतीवरची काळी बुरशी आली नाही. रिकाम्या खोल्या हिमकणावर ठेवायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा गार खोलीत शिरली आणि १४ वर आली की तिची आर्द्रता ८८ टक्के होते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे तर त्याहून गार असतं, तिथे पाणी सुटतंच. आपल्या घरांत भाताची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, रोजच्या आंघोळी आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेले कपडे असतात. खिडकीच्या वरची ट्रिकल व्हेंट (हवा येण्या-जाण्याची बारीक फट) थंडी येते म्हणून चिकटपट्टीने बंद केली की पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही.

रिकामी खोलीही १५-१६ च्या खाली जाऊ देऊ नका, आणि दार लावून घ्या. राहत्या खोल्यांना जागतिक आरोग्य संघटना किमान १८ सांगते, घरात वृद्ध किंवा बाळ असेल तर त्याहून थोडं वर ठेवा. कपाट भिंतीपासून ५ सेंटीमीटर पुढे ओढा. स्वयंपाक करताना पंखा लावा आणि तो बाहेर हवा टाकतो ना हे तपासा, बरेच पंखे नुसती गाळून तीच हवा परत सोडतात.

मुळा_ते_टेम्स
हिमकणाचा मुद्दा सोडतो, १६ अंश मान्य. पण त्याचा अर्थ अख्खं घर २० वर ठेवा असा होत नाही.

नळजोडणी
सगळे व्हॉल्व्ह मिटण्यात आणखी एक अडचण आहे. कॉम्बी बॉयलर गरम पाण्यासाठी २४-३० किलोवॉटचा घेतात आणि कमीत कमी ५-६ वर चालतो. एकच खोली १ किलोवॉट मागत असेल तर तो पेटतो, लगेच विझतो, परत पेटतो. त्यात कार्यक्षमता जाते आणि झीजही होते. शिवाय ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथला रेडिएटर व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच हवा, नाहीतर थर्मोस्टॅटला खोली तापल्याचं कधी कळतच नाही.

भाड्याचा_फ्लॅट
गॅसच नाही त्यांनी काय करायचं? तेलाचा रेडिएटर स्वस्त पडतो असं दुकानात सांगतात.

ओल_नको
नाही पडत. १ युनिट विजेतून कुठलाही साधा हीटर १ युनिटच उष्णता देतो, तेल असो वा पंखा. तेलाचा फक्त उशिरा निवतो. विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग, म्हणून हवा तापवण्यापेक्षा माणूस उबदार ठेवा: विजेवरची पांघरूण-शाल १०० वॉटची असते, दहा तासांना १ युनिट. फ्लॅटमध्ये रात्री तापणारे स्टोरेज हीटर असतील तर रात्रीच्या स्वस्त दराचा मीटर आहे ना ते बघा आणि झोपताना आउटपुटचं बटण बंद करा, नाहीतर साठवलेली उष्णता रात्रीच संपते. बुरशी असेल तर घरमालकाला लेखी कळवा, फोटोंसह.

मुळा_ते_टेम्स
फ्लो आणि तासांवर इतकं भांडण्याआधी माळा बघा. उष्णता अडवणारी काचलोकर तिथे २७० मिलिमीटर हवी, जुन्या घरांत १०० च असते. दारातल्या पत्रांच्या फटीला ब्रश, दाराखाली पट्टी, न वापरलेल्या धुराड्यात वारा अडवणारा फुगा. हे खर्च थोडे आहेत आणि दोन्ही पद्धतींना लागू आहेत. फक्त बाहेरच्या भिंतीतल्या जाळीच्या विटा बुजवू नका, त्या लाकडी जमिनीखालची हवा खेळती ठेवतात, बंद केल्या की तुळया कुजतात.

नळजोडणी
हे एकदम मान्य. तासांवर मात्र आपलं जमणार नाही, म्हणून ज्याने त्याने मोजून बघावं. एक आठवडा तुमच्या पद्धतीने, एक माझ्या, रोज एकाच वेळी मीटर वाचायचा. मीटर घनमीटरमध्ये असेल तर ११.२ ने गुणलं की युनिट येतात. आठवड्याच्या युनिटना त्या आठवड्यातल्या आतल्या-बाहेरच्या सरासरी फरकाने भागा. आतलं तापमान थर्मोस्टॅटवर लावलेलं घेऊ नका, खरं मोजलेलं घ्या, नाहीतर गार घर स्वस्त दिसेल. हा भागाकार बॉयलरची आणि घराची कामगिरी सांगतो. एकूण युनिट कमी झाले का ते वेगळं लिहा, बिल त्यावर येतं.

मुळा_ते_टेम्स
चालेल. पण दोन्ही आठवडे फ्लो ५५ च ठेवायचा. तासांचा फरक फ्लोच्या फरकात मिसळला तर काहीच कळणार नाही.

नळजोडणी
५५ वर तुमचं घर सकाळी ८ पर्यंत तापेल का, हेच तर विचारतोय. तापलं तर तुमचं म्हणणं खरं.

ओल_नको
दोघंही कपाटामागे आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. तिथे ७५ च्या वर आकडा टिकून राहिला तर ती पद्धत बाद धरा.