कानालेत्तोची चित्रं व्हेनिसची, मग ती व्हेनिसमध्ये का नाहीत? वाणिज्यदूत स्मिथबद्दल प्रश्न

प्रश्न
अठराव्या शतकातला चित्रकार कानालेत्तो याने व्हेनिस रंगवलं, पण त्याची चित्रं पाहायला इंग्लंड गाठावं लागतं. याचं श्रेय, किंवा दोष, तिथला ब्रिटिश वाणिज्यदूत जोसेफ स्मिथ याच्याकडे दिला जातो. एका वाणिज्यदूताच्या हातात एवढं वजन आलं कुठून? आणि शहराच्या पदरात काय पडलं?

प्रतिसाद १
हे वजन पदाचं नव्हतं. स्मिथ १७०० च्या सुमारास व्यापारी म्हणून व्हेनिसला आला आणि वाणिज्यदूत झाला थेट १७४४ मध्ये. कानालेत्तोची चित्रं इंग्रज गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्याचं महत्त्वाचं काम त्याआधीच झालं होतं, आणि त्याचा छापील पुरावा आहे. १७३५ मध्ये विझेंतिनी या कोरक्याने कानालेत्तोच्या १४ चित्रांवरून छपाईसाठी तांब्याचे पत्रे कोरले: व्हेनिसच्या मुख्य कालव्याची, म्हणजे ग्रँड कॅनॉलची, १२ दृश्यं, एक नौकाशर्यत, एक सणाचा देखावा. शीर्षकपानावर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही चित्रं 'इंग्रज जोसेफ स्मिथ याच्या घरी' आहेत. नुसतं 'इंग्रज', हुद्दा नाही. गिऱ्हाइकासाठी ही नमुन्यांची वहीच झाली. पानं उलटायची, दृश्य निवडायचं, मूळ चित्र स्मिथच्या घरी भिंतीवर पाहायचं आणि तसं मागवायचं. १७४२ च्या आवृत्तीत पत्रे ३८ झाले.

कानालेत्तोच्या स्वतःच्या एचिंगच्या (पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांच्या) संचात मात्र अर्पण 'कॉन्सल', म्हणजे वाणिज्यदूत, स्मिथला आहे, त्यामुळे तो संच १७४४ च्या आधीचा असू शकत नाही. इथे हमखास चूक होते: संचाची तारीख सरसकट सगळ्या पत्र्यांना लावली जाते. त्यातल्या एकावर १७४१ कोरलेलं आहे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. फक्त 'स्मिथने चित्रं नेली' हे अर्धंच खरं आहे. त्यातली बहुतेक बाहेर जाण्यासाठीच काढली गेली. नगरदृश्यांना तेव्हा धार्मिक किंवा ऐतिहासिक चित्रांइतका मान नव्हता, आणि ती विकत घेणारे मुख्यतः इंग्रज प्रवासी होते. एकाच देशाच्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो ते लगेच दिसलं. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाच्या काळात (१७४०–४८) प्रवासी आटले. स्मिथने स्वतःसाठी रोमची पाच मोठी दृश्यं वगैरे काढून घेऊन चित्रकाराला काम दिलं, तरी १७४६ मध्ये कानालेत्तो लंडनला गेलाच. व्हेनिसच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं ते १७६३ मध्ये!

१७६२ मध्ये स्मिथने आपला संग्रह इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला २०,००० पौंडांना विकला. इंग्लंडच्या राजसंग्रहातली कानालेत्तोची सुमारे ५० चित्रं आणि १४० हून अधिक रेखाटनं मुख्यतः या व्यवहारातून आली. डच चित्रकार फर्मेरचं वाद्यासमोर उभ्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्रही त्यातच गेलं, तेव्हा फान मीरिस या दुसऱ्या चित्रकाराच्या नावावर. व्हेनिसमध्ये का' रेझ्झोनिको या संग्रहालयात कानालेत्तोची सुरुवातीच्या काळातली दोन आहेत आणि अकादेमिया या चित्रसंग्रहालयात १७६५ चं एक काल्पनिक वास्तुदृश्य. ही तीन चुकवू नका.

प्रश्नकर्ता
म्हणजे शहराच्या हाती काहीच उरलं नाही?

प्रतिसाद ३
उरलं, पण ते भिंतीवर शोधू नका, छापखान्यात शोधा. पास्क्वाली या प्रकाशकामागे स्मिथचा पैसा होता. १७६१ पासून व्हेनिसचा नाटककार गोल्दोनी याची नाटकं छापणारा तो हाच. वास्तुविशारद पाल्लादियोच्या वास्तुशास्त्रावरच्या १५७० च्या ग्रंथाची हुबेहूब प्रतही स्मिथनेच काढवली. जर्मन कवी गटेने १७८६ मध्ये पादुआत घेतली ती हीच आवृत्ती, आणि पुढे व्हेनिसजवळच्या लिदो बेटावर स्मिथच्या थडग्यापाशी त्याने कृतज्ञता व्यक्त केली.

या ग्रंथाची जुनी प्रत हाताळायला मिळाली तर शीर्षकपानावरच्या १५७० वर विसंबू नका, स्मिथच्या आवृत्तीवरही तेच साल आहे. आकृत्या तपासा. अस्सल १५७० मध्ये त्या लाकडी ठशांच्या आहेत, स्मिथच्या प्रतीत तांब्यावर कोरलेल्या. तांब्याचा पत्रा दाबाने छापला जातो, म्हणून आकृतीभोवती कागदात चौकटीसारखा खोलगट वळ उमटतो. पान उजेडात तिरकं धरून बोट फिरवलं की तो जाणवतो. मात्र कडा छाटून पुन्हा बांधलेल्या प्रतीत हा वळ कापला गेलेला असू शकतो. अशा वेळी भिंगातून रेषा पाहा: तांब्यावरची रेषा टोकाला निमुळती होत जाते, लाकडी ठशाची जाड आणि बोथट राहते.