मदत हवी आहे: लक्ष्मीनगरच्या घरातलं जुनं सामान अंगणातच मांडून विकायचं आहे, कसं करू?

लक्ष्मीनगरची_लेक:

नमस्कार मंडळी. नागपुरात लक्ष्मीनगरला माझ्या आईबाबांचं घर आहे. बाबांनी 1978 मध्ये बांधलेलं, पुढे अंगण, बाजूला पेरूचं झाड. बाबा आता नाहीत. घर बिल्डरला पुनर्विकासासाठी दिलं आहे आणि 15 डिसेंबरपर्यंत रिकामं करून द्यायचं आहे. आई माझ्याकडे मनीषनगरला येणार. माझा फ्लॅट टू बीएचके, तोही भरलेला. म्हणजे एवढ्या वर्षांच्या संसारातलं फार तर एका टेम्पोत मावेल तेवढंच येणार.

मागच्या रविवारी कबाडीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं घरभर फिरून एकच आकडा सांगितला: सगळं मिळून अठरा हजार. त्यात सागवानी कपाट, दोन दिवाण, पायाचं शिलाई मशीन, दोन लोखंडी कूलर, पाणी भरायचे पितळेचे गुंड, गंगाळ, परात, स्टीलचे चाळीसेक डबे, बाबांची पुस्तकं, टीव्ही, मिक्सर, सगळं आलं. आईनं आकडा ऐकला आणि काही न बोलता आत निघून गेली.

मला पैशाचं तेवढं नाही. पण चांगला धडधाकट गुंड भट्टीत वितळायला जावा हे मनाला पटत नाही. या वस्तू कुणाच्या तरी घरात वापरात राहाव्यात असं फार वाटतं. मावसबहीण अमेरिकेत असते, ती म्हणाली तिकडे लोक सरळ अंगणात टेबलं मांडून घरचं सामान विकतात, तसं कर. आपल्याकडे मी हे कधी कुणाला करताना पाहिलेलं नाही. लोक येतील का? किंमत कशी ठरवायची? दिवस कुठला धरू? आणि घरात मी, आई आणि माझी कॉलेजातली मुलगी अशा तिघीच, तर सांभाळता येईल का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतापनगरवाली:

ताई, मी केलं आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं घर असंच आवरलं. लोक येतात, भरपूर येतात. तिघी पुरतील, फक्त दोन तरी आणखी माणसं बोलवा, त्यातला एक उंच आवाजाचा भाऊ किंवा भाचा असू द्या.

दिवस डिसेंबरचा पहिला रविवार धरा. पगार झालेले असतात, सकाळी उन्हात उभं राहायला बरं वाटतं, आणि उरलेल्या सामानासाठी तुमच्याकडे पुढचा आठवडा राहतो. वेळ आठ ते एक. त्याहून लांबवू नका, थकायला होतं आणि थकल्यावर माणूस काहीही भावात देऊन टाकतो. आमच्याकडे साडेसहालाच दोन जुने फर्निचरवाले फाटकाशी उभे होते. आधी आत सोडा, एकगठ्ठा घेतो म्हणत होते. आत सोडू नका. त्यांना आठनंतर बाकीच्यांसारखं येऊ द्या, नाहीतर शेजारपाजारचे लोक येईपर्यंत चांगलं सगळं गेलेलं असतं.

किमतीचं सांगते, कारण मी इथेच चुकले होते. मी किमती लिहिल्याच नाहीत, वाटलं विचारतील तसं सांगू. झालं असं की एकाच वेळी दहा जण विचारायला लागले, एकीला परात चारशेला सांगितली आणि दुसरीला अडीचशेला, आणि दोघी शेजारी शेजारी उभ्या. तेव्हा प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवा. त्यासाठी रंगारी वापरतात ती कागदी टेप घ्या. साध्या स्टिकरचा डिंक पितळेवर आणि सनमायक्यावर राहतो, घासून निघत नाही. चालू स्थितीतल्या वस्तूला आजच्या नव्याच्या किमतीचा चौथा ते तिसरा हिस्सा, त्यावर थोडी घासाघिशीला जागा. आपल्या लोकांना दोन पैसे कमी केल्याशिवाय घेतल्यासारखं वाटत नाही आणि त्यात वाईट काही नाही. चमचे, वाट्या, झाकणं, बरण्या यांना वेगवेगळी किंमत लावत बसू नका. एक मोठा टब भरा, "काहीही घ्या, 20 रुपये". त्या टबाशी सगळ्यात जास्त गर्दी असते.

पितळ मात्र वजनावर देऊ नका. वजन म्हटलं की ते मोडीत गेलं. चिंचेनं घासून चकाचक करून मांडा, नगावर किंमत लावा, आणि आतली कल्हई गेली असेल तर घेणारणीला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ती त्यात आंबट काही करणार नाही.

वीजेवर चालणारं जे जे आहे त्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड अंगणात आणून ठेवा आणि चालवून दाखवा. मिक्सर फिरताना दिसला की दोनशे रुपये जास्त मिळतात. रद्दी, पिशव्या, सुतळी ठेवा. घराचं दार बंद ठेवा, बाथरूमला जाऊ का म्हणून कुणी आत शिरलं तर लक्ष राहत नाही. हे मी अनुभवानं सांगते आहे, आमची एक चांगली भिंतीवरची घड्याळ तशीच गेली.

आणि तुमच्या आईकडे काम करणाऱ्या मावशी असतील तर त्यांना आदल्या दिवशी बोलवा. त्यांना जे हवं ते घेऊ द्या, पैसे न घेता.

कूलर_आणि_खस:

फक्त एवढंच सांगतो, कूलर डिसेंबरात काढू नका. नागपूरच्या माणसाला कूलर फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवतो. त्या वेळी बजाजनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर भागात भाड्यानं राहणारी पोरं जुना कूलर शोधत फिरतात आणि मोटर चालू असेल तर बरे पैसे देतात. कुणाच्या गच्चीवर तीन महिने ठेवता आले तर ठेवा. टाकीतला क्षार खरवडून, कोरडी करून ठेवा, नाहीतर पत्रा गंजतो. बाजूच्या गवताच्या ताट्या काढून फेका, घेणारा नव्या लावून घेईल.

मेसवाली_नाही_पण_मेसची_मुलगी:

ताई, पैसे घेण्याबद्दल. क्यूआर कोड मोठा छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो एकाच माणसाच्या हातात ठेवा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर मान डोलावू नका, स्वतःच्या खात्यात जमा झालेलं बघा मगच वस्तू सोडा. कुणी "मी तुम्हाला कोड पाठवतो, तुम्ही पिन टाका म्हणजे पैसे येतील" म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे मिळायला पिन कधीच टाकावा लागत नाही. सुट्ट्यासाठी 10, 20 आणि 50 च्या नोटा आधीच आणून ठेवा, रविवारी बँक नसते.

जाहिरातीला कॉलनीचे व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतात, सोबत चांगल्या वस्तूंचे आठ-दहा फोटो टाका. आणि जवळच्या मेस, होस्टेल, ब्युटी पार्लर इथे तोंडी सांगा. आमच्या मेसला कायम डबे आणि पराती लागतात. नक्की येऊ.

निवृत्त_हेडक्लार्क:

काही नियमाच्या गोष्टी. टेबलं फाटकाच्या आतच मांडा. फुटपाथ आणि रस्ता महापालिकेचा, तिथे विक्री मांडायची नाही. विजेच्या खांबांवर कागद चिकटवू नका, मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा राज्याचा कायदा आहे.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर विकू नका. ते गॅस कंपनीच्या मालकीचे असतात. कनेक्शन बाबांच्या नावावर असेल तर एजन्सीत जाऊन आईच्या नावावर करून घ्या किंवा परत करा, परत केल्यास अनामत मिळते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बॅटरीवाल्याकडेच द्या. जुना डबा टीव्ही ई-कचऱ्यात द्यावा, तो फोडून तांबं काढणाऱ्याकडे जाऊ देऊ नये. त्याच्या काचेत शिसं असतं.

देवघर वेगळं काढा. 100 वर्षांवरची मूर्ती किंवा ऐतिहासिक, साहित्यिक मोल असलेलं 75 वर्षांवरचं हस्तलिखित 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूत मोडतं. पोथ्या हातानं लिहिलेल्या असतील तर जाणकाराला दाखवल्याशिवाय रद्दीत जाऊ देऊ नका. आणि कराची काळजी नको. घरात वापरलेली भांडी, फर्निचर विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना मात्र ती सूट नाही.

लक्ष्मीनगरची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. किमती लावायला काल सुरुवात केली आणि एक वेगळीच अडचण आली. आई पलंगावर बसून बघत होती. मी परातीवर टेप लावली तशी म्हणाली, "विकून राहिली का गं माझा संसार?" त्यानंतर माझा हातच उचलेना. आईला त्या दिवशी मावशीकडे पाठवावं का? मुलगी म्हणते पाठव. मला कळत नाही.

प्रतापनगरवाली:

पाठवू नका. आम्ही सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं होतं आणि त्या अजूनही एकेक वस्तू विचारतात, ती कुणाला दिली, किती आले. उत्तर देता येत नाही. आईंना विचारा की यातलं काय न्यायचं, आणि तो निर्णय पूर्ण त्यांचा ठेवा. टेम्पो एकच आहे हे त्यांनाही माहीत आहे. आधी ठेवायचं ते निवडून झालं की मग उरलेल्यावर टेप लावणं जड जात नाही. तुम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केलीत.

लक्ष्मीनगरची_लेक:

काल झालं. लिहायला उशीर झाला, सामान हलवण्यात दिवस गेला.

आधी आईचं सांगते. तिनं स्वतःच नियम केला: ज्या भांड्यावर नाव घातलेलं आहे ते ठेवायचं, बाकीचं जाऊ द्यायचं. लग्नात आलेल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव आणि साल असतं ना, ती सगळी तिनं मांडीवर घेऊन एकेक पालथी करून वाचली. अकरा निघाली. एक गुंड, दोन गडवे, बाकी ताटं-वाट्या. एका खोक्यात बसली. मग तिनंच मला म्हटलं, आता लाव तुझी टेप.

सकाळी पावणेसातला खरंच फर्निचरवाला हजर. भाच्यानं त्याला आठपर्यंत बाहेर बसवलं, चहा दिला. साडेआठपासून दहापर्यंत उसंत नव्हती. 20 रुपयांचा टब दोनदा भरावा लागला. सागवानी कपाट गल्लीतल्याच नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यानं साडेसात हजाराला नेलं. मेसच्या ताई आल्या, पराती आणि सतरा डबे घेतले, प्रत्येक डब्याचं झाकण लावून बघितलं, दोन सैल निघाले ते परत ठेवले. मिक्सर चालवून दाखवला, दहा मिनिटांत गेला. पुस्तकं मात्र हलली नाहीत. शंभरातली पंधरा गेली असतील. पुढच्या वेळी कुणी करणार असेल तर पुस्तकं एका टेबलावर रचू नका, कणे वर करून खोक्यात ठेवा. आमची रचलेली होती, खालची कुणी काढून बघितलीच नाहीत.

सगळे मिळून 29,650 रुपये आले, कूलर आणि एक दिवाण न विकता. कूलर भाच्याच्या गच्चीवर गेले आहेत. सिलिंडर आज परत केला. टीव्ही ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा आहे.

आणि एक. माळ्यावर भावाचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी सापडला होता, चाकांच्या पाटीवरचा, एक शिंग तुटलेलं. भाऊ बंगळूरला असतो, फोनवर म्हणाला देऊन टाक. मी 150 ची टेप लावली. समोरच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा दोरी धरून त्याला अंगणभर ओढत राहिला, त्याची आई पैसे काढायला लागली तर आईनं टेप सोलून काढली आणि पैसे घेतले नाहीत. त्या मुलाच्या आईचा नंबर मात्र डायरीत लिहून घेतला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नंदी सजवून मनीषनगरला बोजारा (नंदी घेऊन आलेल्या मुलांना देतात ते पैसे-खाऊ) घ्यायला यायचं, असं त्यांचं ठरलं आहे.

एक दिवाण अजून आहे, सहा बाय चार, आत सामान ठेवायची जागा, प्लाय खालून एका कोपऱ्यात फुगलेला आहे. 800 ला देईन. शिलाई मशीन शिवणकाम शिकणाऱ्या मुलीला द्यायचं आहे, पैसे नकोत, फक्त ती खरंच वापरणारी हवी. 13 तारखेपर्यंत कळवा, नेण्याची सोय तुमची. आणि पुस्तकं घेणारं जवळपासचं वाचनालय कुणाला ठाऊक असेल तर तेही सांगा, बरीचशी कथा-कादंबऱ्यांची आहेत, दिवाळी अंकही दोन खोकी भरून आहेत.