कॅप ७०.२ वरून ६४.३ मिलियनवर: २०१३ च्या उन्हाळ्यात लीफ्सची टीम कशी बांधाल?

मिसिसॉगाकर

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आम्ही इथली पाच मराठी घरं दर उन्हाळ्यात एक खेळ खेळतो, एनएचएलचा, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगचा, एखादा जुना ऑफसीझन घ्यायचा, चिठ्ठ्या टाकून टीम वाटून घ्यायच्या आणि प्रत्येकाने जीएम (जनरल मॅनेजर) होऊन एक्सेलमध्ये टीम बांधायची. यंदा २०१३ चा उन्हाळा आलाय आणि माझ्या चिठ्ठीत निघाले टोरोंटो मेपल लीफ्स. चिठ्ठी उघडली तेव्हा खरं सांगतो पोटात गोळाच आला, कारण १३ मे २०१३ ची ती रात्र अजून डोळ्यासमोर आहे. बॉस्टनमध्ये गेम सेव्हन, म्हणजे मालिकेतली निर्णायक मॅच, तिसऱ्या पिरियडमध्ये आपण ४-१ ने पुढे, २००४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ बघत होतो, माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, अंगात ग्राबोव्स्कीची ८४ नंबरची जर्सी, ती त्याला दोन साइझ मोठी होती म्हणून बाह्या दुमडलेल्या. ५१ सेकंद उरले असताना बॉस्टनच्या बर्जरॉनने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्येही त्यानेच गोल मारला. मुलगा काही बोलला नाही, बाह्या उलगडून त्यात हात लपवून बसून राहिला. आणि दोनच महिन्यांत ४ जुलैला ग्राबोव्स्कीला बायआउट केलं, म्हणजे उरलेल्या कराराचे काही पैसे देऊन मोकळं केलं.

तर आता मुद्दा. खेळाचे नियम असे: सुरुवात २५ जूनला, म्हणजे गोलकीपर बर्नियेला ट्रेडमध्ये आधीच आणलेलं आहे. खेळाडूंचे पगार त्यांनी त्या उन्हाळ्यात खरोखर ज्यावर सही केली तेच धरायचे. पुढे कोण चमकला कोण बुडाला हे माहीत असल्याचा फायदा घ्यायचा नाही, निर्णयाचं कारण त्या दिवशी दिसत होतं तेवढ्यावरच द्यायचं, आणि ते कारण बाकीच्या चौघांना पटलं पाहिजे.

माझ्याकडे आधीच बांधलेले आठ मोठे करार असे (मिलियन डॉलरमध्ये): फनफ ६.५, ग्राबोव्स्की ५.५, केसल ५.४, लुपुल ५.२५, कोमिसारेक ४.५, व्हॅन रीम्सडाइक ४.२५, लाइल्स ३.८७५, कुलेमिन २.८. बेरीज ३८.०७५. कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा, ६४.३. म्हणजे तेवीसच्या टीममधल्या उरलेल्या पंधरा जणांसाठी २६.२२५, माणशी पावणेदोनच्या आसपास, आणि त्यातच काद्री, फ्रॅन्सन, गुनारसन यांचे नवे करार, दोन गोलकीपर, शिवाय बोझॅक आणि मकार्थर करार संपून फ्री एजंट होतायत. माझा विचार असा की खऱ्या लीफ्सनी केलं तसंच कोमिसारेक आणि ग्राबोव्स्की दोघांना कम्प्लायन्स बायआउट (कॅपवर न मोजला जाणारा) द्यावं, दहा मिलियन मोकळे करावेत आणि बाजारात उतरावं. बरोबर आहे का? का मी तीच चूक परत करतोय?

पुणे_ते_पक

दादा, मी हॉकी नवीनच बघायला लागलोय, पुण्यात बसून पहाटे उठून, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. ही कॅप कमी का झाली? आयपीएलमध्ये पर्स तर दरवेळी वाढतेच की. आणि कमी झाली तर सगळ्यांचे पगार त्या प्रमाणात कमी नाही का होत?

हॅमिल्टनची_हिशेबनीस

पुण्याच्या भावाला आधी उत्तर देते कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं. २०१२-१३ ला लॉकआउट, म्हणजे मालकांची टाळेबंदी, झाला, जानेवारीत मिटला, सीझन ४८ मॅचेसचा झाला. लीग आणि खेळाडूंमधल्या नव्या करारात लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० वर आला. म्हणून कॅप खाली आणावी लागली, पण एकदम आणली तर सगळेच अडकले असते म्हणून त्या तुटक्या सीझनला ७०.२ चालू दिली आणि २०१३-१४ ला ६४.३ केली. आधी सह्या झालेले करार मात्र आकड्याला जसेच्या तसे राहिले. आयपीएलच्या मेगा ऑक्शनला बहुतेक टीम मोकळी होते, पाटी जवळजवळ कोरी करून परत मांडता येते, इथे तसं नाही, पाच वर्षांपूर्वी कोणीतरी उत्साहात केलेली सही आज तुमच्या ताटात असते. त्यावर औषध म्हणून प्रत्येक टीमला दोन कम्प्लायन्स बायआउट दिले. उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश पैसे (वय २६ च्या खाली असेल तर एक तृतीयांश) दुप्पट वर्षांत विभागून द्यायचे, पण कॅपवर शून्य. साधा बायआउट केला की तो दुप्पट वर्षं कॅपवर बसून राहतो, हा फरक मोठा आहे.

आता मिसिसॉगाकर, तुमच्यासाठी. हे दोन बायआउट २०१३ आणि २०१४ या दोन उन्हाळ्यांत मिळून वापरायचे होते, दोन्ही पहिल्याच आठवड्यात जाळायची सक्ती नव्हती. ही गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाहीये. मी दिवसभर लोकांचे हिशेब बघते, आणि माणसं नेमकी इथेच फसतात, हातात एकरकमी पैसा मोकळा झाला की तो संपवल्याशिवाय चैन पडत नाही.

मी तुमचं शीट स्वतः मांडून बघितलं. फक्त कोमिसारेकला बायआउट द्या, त्याचं एकच वर्ष उरलंय आणि अडचणीचं वर्ष नेमकं तेच आहे. मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवून भागणार नाही कारण नव्या नियमात त्यातून फक्त ०.९२५ सुटतात, बाकी ३.५७५ तुमच्या डोक्यावर राहतात. तर ३८.०७५ मधून ४.५ गेले, राहिले ३३.५७५. त्यात काद्री २.९, बर्निये २.९, राइमर १.८, गुनारसन ३.१५, फ्रॅन्सन २.० घाला, झाले ४६.३२५. बोझॅक ४.२ आणि मकार्थर ३.२५ दोघांना ठेवा, झाले ५३.७७५. चौदा माणसं झाली, नऊ बाकी, हातात १०.५२५. किमान पगार तेव्हा ०.५५, मक्लेमेंटचा दीड धरला तरी आरामात बसतं.

आणि आता हे बघा. खऱ्या लीफ्सनी ग्राबोव्स्कीला बायआउट केला, मकार्थरला जाऊ दिलं, त्या जागी क्लार्कसन ५.२५ आणि बोलंड ३.३७५ आणले. बेरीज ८.६२५. ग्राबोव्स्की अधिक मकार्थर किती? ८.७५. फरक फक्त सव्वा लाख डॉलरचा. म्हणजे कॅपमुळे काहीच करावं लागलं नव्हतं! एक बायआउट गेला, बोलंडसाठी तीन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) गेले, आणि जागा जेवढी होती तेवढीच राहिली. हे आकडे मी तीनदा तपासले कारण मला स्वतःलाच विश्वास बसेना.

बर्फावरचा_सातारकर

ताई हिशेब एक नंबर, पण मला दुसरी बाजू मांडायचीय. जीएम काही नुसतं एक्सेल भरत नसतो, त्याला कोचबरोबर सीझन काढायचा असतो. ग्राबोव्स्कीने २०१०-११ ला २९ गोल केले, पुढच्या वर्षी २३, आणि मग कोच कार्लाइल आल्यावर त्याला डिफेन्सचं काम लावलं, ४८ मॅचमध्ये ९ गोल आणि ७ असिस्ट, प्लेऑफमध्ये एकही गोल नाही. साडेपाच मिलियन, चार वर्षं बाकी. मकार्थरला तर प्लेऑफमध्ये काही मॅच बाहेर बसवलं होतं. कोचला नको असलेली दोन माणसं पावणेनऊ मिलियन देऊन ठेवायची म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये रोजची कटकट, ते पैसे बर्फावर दिसणारच नाहीत. नोनिस जानेवारीत जीएम झाला होता, प्लेऑफला पोचवलेल्या कोचला तो लगेच काढणार नव्हता, मग कोचला चालतील अशी माणसं आणणं यात मला तरी गैर दिसत नाही.

क्लार्कसनचं म्हणाल तर मी तेव्हा इटोबिकोमध्ये राहायचो, आमच्या बाजूच्या मिमिकोचा पोरगा. सही झाली त्या दिवशी रिंकवर पोरांच्या स्टिकला नवीन टेप लावत लोक त्याच्याबद्दलच बोलत होते, आपला माणूस घरी आला म्हणून. बॉस्टनने आपल्याला कसं बोर्डवर दाबलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे अंगाने दणकट विंगर पाहिजे ही मागणी खोटी नव्हती.

माझ्या मते ग्राबोव्स्की जायला हवाच होता, पण बायआउट करून नाही, ट्रेड करून. त्याच नव्या करारात पगार धरून ठेवायची सोय आली होती, पन्नास टक्क्यांपर्यंत पगार स्वतःकडे ठेवून माणूस देता येतो, एका वेळी तीन करारांपर्यंत. एक-दीड मिलियन स्वतःकडे ठेवलं असतं तर चारच्या आसपास पगाराचा सेकंड लाइन सेंटर कोणी ना कोणी घेतला असता, काहीतरी हातात आलं असतं.

हॅमिल्टनची_हिशेबनीस

सातारकर, ट्रेडचा मुद्दा मान्य, मी तो विसरले होते. फक्त एक, त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच कॅपला कात्री लागली होती, पंधरा दिवसांत सगळा बाजार विकायलाच बसला होता, अशा वेळी घेणारा भाव पाडणार. व्हॅनकुव्हरचं बघा, गोलकीपर लुआँगोचा लांबलचक करार कोणी घेईना म्हणून शेवटी दुसरा गोलकीपर श्नायडर न्यू जर्सीला दिला आणि नववा पिक घेतला. टॅम्पाने लकॅव्हलियेला बायआउट केलं, त्याची सात वर्षं बाकी होती, कॅप हिट पावणेआठच्या जवळ. फिलाडेल्फियाने ब्रियेर आणि ब्रिझगालोव्ह दोघांना सोडलं आणि लगेच लकॅव्हलियेला साडेबावीस मिलियनचा पाच वर्षांचा करार दिला, ते मला तेव्हाही समजलं नव्हतं आणि आजही नाही.

क्लार्कसनबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. नियम म्हणतो भविष्य बघायचं नाही, नको बघूया. ५ जुलै २०१३ ला काय दिसत होतं? वय २९. एकाच सीझनमध्ये ३० गोल, त्याच्या आधीच्या वर्षी १२, त्याच्या आधी ११. त्याला सात वर्षं, ३६.७५ मिलियन, आणि त्यातला मोठा भाग साइनिंग बोनस, म्हणजे उद्या बायआउट करायचं म्हटलं तरी काही सुटत नाही कारण बोनस पूर्ण द्यावाच लागतो. दार बाहेरून कडी लावून घेतल्यासारखं. आणि टंचाई कितीची होती? एका वर्षाची. हॉकीतला पैसा वाढतच होता, लॉकआउट संपला की कॅप परत वर जाणार हे सगळे धरून चालले होते (पुढच्याच वर्षी ६९ झाली). एका वर्षाच्या दुष्काळात विहीर विकून टँकर घ्यायचा नसतो हो. त्या वर्षी करायचे ते एक-एक, दोन-दोन वर्षांचे करार. वॉशिंग्टनने तेच केलं, ज्या ग्राबोव्स्कीला आपण पैसे देऊन घालवला त्याला एका वर्षासाठी तीन मिलियनला उचललं.

विनिपेग_गारठा

मध्ये बोलतो, सॉरी. शिकागोचं कोणी बोललं नाही अजून. २४ जूनला स्टॅनली कप जिंकला, शेवटच्या मिनिटांत १७ सेकंदांत दोन गोल, एक बिकेलचा, एक बोलंडचा. सहा दिवसांनी ड्राफ्टच्या दिवशी बोलंड टोरोंटोला आणि फ्रोलिक आमच्या विनिपेगला! कप जिंकून देणारा गोल ज्याने मारला तोच विकला. माँटाडोर आणि ओलेश यांना बायआउट, स्टॉलबर्ग, एमरी गेले. टेव्स, केन, कीथ, होसा यांना हात नाही. हे मला भारी वाटतं, भावना बाजूला ठेवून तिसऱ्या लाइनचा सेंटर भाव वर असताना दिला. पण तेही चुकलेच, बिकेलला चार वर्षांचे वर्षाला चार मिलियन दिले आणि २०१६ ला तो करार कोणी घ्यावा म्हणून बरोबर टेरावाइनन द्यावा लागला कॅरोलिनाला. टेरावाइनन! मधल्या फळीच्या माणसाला प्लेऑफच्या दोन महिन्यांवरून लांब करार द्यायचा नाही, एवढं मी शिकलो त्यातून.

मिसिसॉगाकर

मंडळी, काल रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो याच्यावर. ताई, तुमचा सव्वा लाखाचा फरक वाचला आणि शीट बंद करून गच्चीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की कॅप पडली म्हणून ग्राबोव्स्की गेला, नाइलाज होता. पोरालाही तेच सांगितलं होतं.

तर आता असं ठरवतोय. कोमिसारेकला बायआउट. दुसरा बायआउट २०१४ साठी राखून ठेवतो. सातारकर, तुमचा कोचचा मुद्दा बाकीचे चौघं नक्की काढणार, तरी ग्राबोव्स्की ठेवतोय आणि बोझॅक सोडतोय. चार-पाच वर्षं उरलेले दोन सेंटर एकत्र नकोत, काद्री वर येतोय, आणि ग्राबोव्स्की नाहीच जमला तर राखलेला बायआउट पुढच्या जूनमध्ये आहेच, बोझॅकच्या नव्या कराराला ती सोय नाही. मकार्थर दोन वर्षांचा, ३.२५, तो करार मला आवडला. बोझॅकचे ४.२ वाचले की हातात १४.७२५ आणि माणसं दहा. त्यातून एक अंगाने दणकट विंगर घेईन, पण जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, बॉस्टनची मॅच मीही पाहिलीय.

अडलोय फक्त लाइल्सपाशी. ३.८७५, तीन वर्षं. खऱ्या लीफ्सनी त्याला मार्लीजला, म्हणजे त्यांच्या मायनर टीमला, पाठवलं, जवळपास तीन मिलियन कॅपवर तसेच राहिले, मग जानेवारीत ग्लीसनच्या बदल्यात कॅरोलिनाला दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात ग्लीसनलाच बायआउट केलं. राखलेला बायआउट लाइल्ससाठी ठेवू की ग्राबोव्स्कीसाठी? का आत्ताच लाइल्सचा अर्धा पगार धरून ट्रेड करू?

बर्फावरचा_सातारकर

अर्धा धरून आत्ताच द्या. १.९४ला पॉवर प्ले (समोर एक माणूस कमी असतानाचा खेळ) चालवणारा डिफेन्समन कोणीही घेईल, पगाराच्या खालच्या मर्यादेला, ४४ मिलियनला, पोचायला धडपडणाऱ्या टीमही होत्या त्या वर्षी. बोझॅक सोडताय ते मात्र पटलं नाही, केसलबरोबर त्याचं जमायचं.

हॅमिल्टनची_हिशेबनीस

मीही ट्रेडच म्हणेन. अर्धा पगार तीन वर्षं तुमच्यावर राहील एवढं शीटमध्ये २०१५-१६ पर्यंत लाल रंगाने लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या राउंडला विसराल. आणि मुलाला शीट दाखवा, मोठा झाला असेल आता.

मिसिसॉगाकर

एकवीस वर्षांचा झालाय, वॉटरलूला असतो. रविवारी येतोय घरी, तेव्हा बसतो त्याच्याबरोबर. जर्सी अजून कपाटात आहे, आता बाह्या दुमडाव्या लागणार नाहीत.