इंटरचेंजचा खर्च दुप्पट झाला आहे आणि निम्म्या निधीची खात्री नाही. जनसुनावणीत काय विचारावे?

प्रश्न

आमच्या भागात दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथे इंटरचेंज (वाहने न थांबता एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतील अशी पूल व जोडरस्त्यांची रचना) बांधण्याचा प्रस्ताव काही वर्षांपासून चर्चेत आहे. सुरुवातीला जाहीर झालेल्या आकड्याच्या तुलनेत आताचा अंदाजित खर्च जवळपास दुप्पट झाला असून, निधीबद्दल विचारले की ‘पाठपुरावा सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळते. या ठिकाणी अपघात होतात, रुग्णवाहिकाही अडकून पडतात. त्यामुळे प्रकल्प बारगळावा असे मला मुळीच वाटत नाही. मात्र पुरेसे पैसे हाती नसताना काम सुरू झाले, तर वर्षानुवर्षे नुसते खांब उभे राहतील अशी भीती वाटते. खर्च खरोखरच वाढला आहे, की पहिला आकडाच अपुरा होता, हे सामान्य नागरिकाने कसे ओळखावे?

उत्तर १

आपल्या शेवटच्या वाक्यातच खरा मुद्दा आहे. सुरुवातीचा आकडा बहुधा प्राथमिक आराखड्यावरून काढलेला असतो. त्या वेळी माती परीक्षण झालेले नसते, जमिनीची मोजणी बाकी असते आणि जमिनीखालच्या जलवाहिन्या, वीजवाहिन्या व गॅसवाहिन्या नेमक्या कुठून जातात याची पूर्ण माहिती कोणाकडेच नसते. इंटरचेंजच्या बाबतीत ही अनिश्चितता साध्या रस्त्यापेक्षा जास्त असते, कारण वळणाच्या प्रत्येक रॅम्पसाठी (चढ-उताराच्या जोडरस्त्यासाठी) चौकाभोवतालची जमीन लागते आणि चालू वाहतूक न थांबवता, तात्पुरते वळणरस्ते काढून टप्प्याटप्प्याने बांधकाम करावे लागते.

म्हणून दोन्ही आकडे कोणत्या वर्षाच्या दरांवर आधारलेले आहेत, हे सर्वप्रथम विचारावे. दर वर्षी ६ टक्के भाववाढ धरली, तरी कामाचे स्वरूप तसूभरही न बदलता ८ वर्षांत खर्च सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. त्यानंतर भूसंपादन, सेवावाहिन्यांचे स्थलांतर, सल्लागारांचे शुल्क आणि आकस्मिक खर्चाची तरतूद पहिल्या आकड्यात धरली होती का, हे विचारावे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड इंटरचेंजचे उदाहरण याच कारणासाठी अभ्यासण्यासारखे आहे. १९९४ च्या सुमारास त्याचा अंदाज २५ कोटी डॉलरच्याही आत होता. २००२ मध्ये तो ६७ कोटींच्या पुढे गेला. केंद्रीय लेखापरीक्षणात असे आढळले की भाववाढीसारख्या, आधीपासून ठाऊक असलेल्या बाबी सुरुवातीच्या अंदाजात धरलेल्याच नव्हत्या. तो इंटरचेंज २००७ मध्ये पूर्ण झाला आणि आज उपयोगी पडतो आहे, परंतु मूळ निर्णय ज्या आकड्यावर झाला तो अपुरा होता, हे त्यामुळे बदलत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे; फक्त एक भर घालतो. डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील दर १० पैकी सुमारे ९ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता, आणि रस्त्यांच्या प्रकल्पांमध्ये ही वाढ सरासरी २० टक्के होती. चूक केवळ अनवधानाने होत असती, तर जवळपास तितकेच अंदाज जास्तीचेही निघाले असते. चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते याचा अर्थ मंजुरी मिळावी म्हणून आकडा कमी ठेवण्याकडे कल असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि मला ते पटते. आपल्याकडची वाढ सरासरीच्या कितीतरी पुढे गेली असल्याने तिचा बाबनिहाय खुलासा मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

निधीबाबत मंजूर, प्रस्तावित आणि अपेक्षित हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. लेखी मंजुरी आणि अर्थसंकल्पातील तरतूद असलेली रक्कम वेगळी, नुसता प्रस्ताव पाठवलेली रक्कम वेगळी आणि केवळ मिळेल अशी आशा असलेली रक्कम त्याहून वेगळी. सादरीकरणात या सगळ्यांची बेरीज एकाच ओळीत दाखवली जाते आणि ऐकणाऱ्याला पैसे हाती असल्यासारखे वाटते. शिवाय काही अनुदाने स्थानिक संस्थेने आपला हिस्सा भरल्यावरच मिळतात. तेव्हा तो हिस्सा कुठून येणार आणि वाढीव खर्च कोणाच्या माथी पडणार, हे करारात स्पष्ट आहे का ते पाहावे.

उत्तर ३

आराखड्याबद्दलही विचारावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. दोन्ही रस्ते वेगवान महामार्ग असतील आणि कुठेही सिग्नल नको असेल, तर मोठ्या रचनेला पर्याय फारसा नसतो. परंतु त्यांपैकी एकावर सिग्नल चालण्यासारखा असेल, तर कमी जागेतील रचना तपासायलाच हव्यात. अमेरिकेतल्याच मिसुरी राज्यातील स्प्रिंगफिल्ड या दुसऱ्या शहरात २००९ मध्ये जुनाच पूल वापरून, पुलावरील दोन्ही दिशांच्या मार्गिकांची अदलाबदल करणारा ‘डायमंड’ (शंकरपाळ्याच्या आकाराचा) इंटरचेंज तयार करण्यात आला. उजवी-डावी वळणे त्यामुळे सुटसुटीत होतात आणि नवा पूल बांधण्याचा खर्च वाचतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे एक रस्ता राज्यमार्ग असून त्यावर आजही सिग्नल आहेत, त्यामुळे शेवटची सूचना मी नक्की मांडेन. निधी अपुराच राहिला, तर काम टप्प्यांत करण्याची मागणी योग्य ठरेल का?

उत्तर २

योग्य ठरेल, मात्र एका अटीवर: पुढचा टप्पा कधीच झाला नाही, तरी पहिला टप्पा स्वतंत्रपणे वापरता आला पाहिजे. सर्वाधिक अपघात ज्या वळणावर होतात तिथला रॅम्प आधी पूर्ण करून वाहतुकीला खुला करणे, हा टप्पा झाला; सगळ्या रॅम्पचे पाये एकदम घालून ठेवणे हा टप्पा नव्हे. पहिल्या टप्प्याची पूर्ण रक्कम उपलब्ध झाल्याशिवाय कार्यादेश देऊ नये, अशी लेखी मागणी आपण सुनावणीत नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी.