रेडिएशन चालू असताना त्वचेला वनस्पती तेल लावावं का? मदत हवी आहे

माझ्या ताईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय आणि आता रेडिएशन चालू आहे. २५ सेशन, एकूण ५० ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक). आज सतरावं झालं. स्तनाखालच्या घडीतली आणि काखेतली कातडी आधी गुलाबी झाली, आता विटकरी दिसते. कपड्याची शिवण घासली तरी ती कळवळते. बघवत नाही.

ओळखीच्यांनी दोन उपाय सुचवलेत: सी बकथॉर्नचं (एका काटेरी झुडपाच्या फळांचं) तेल लावा आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल पोटात घ्या. दोन्हींमागचा तर्क एकच. किरणांमुळे पेशीतल्या पाण्याचे तुकडे होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल्स (अतिशय क्रियाशील, अस्थिर कण) तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. क्ष-किरणांनी होणारी सुमारे दोन तृतीयांश इजा याच वाटेने होते. तेलातले टोकोफेरॉल (म्हणजेच व्हिटॅमिन ई) आणि कॅरोटीन या रॅडिकल्सना निकामी करतात. इथपर्यंत पटतं. पण गाठीच्या पेशीही त्याच रॅडिकल्सनी मरतात ना? मग पोटात घेतलेलं औषध फक्त कातडीलाच वाचवेल कशावरून?

कॅनडात डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००५ मध्ये आला. व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन एकत्र घेणाऱ्यांना रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला, पण गाठ परत येण्याचं प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. हे वाचल्यावर कॅप्सूल मी मनातूनच काढून टाकल्या.

प्रश्न उरतो वरून लावायचा. कॅलेंड्युला या फुलझाडापासून केलेल्या मलमाची फ्रान्समध्ये २५४ स्त्रियांवर चाचणी झाली (२००४). दुसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचा (म्हणजे मध्यम ते तीव्र) दाह ४१ टक्के जणींना झाला, तुलनेतलं दुसरं मलम लावणाऱ्यांत ६३ टक्के. पण पुढे २०१३ मध्ये स्वीडनमध्ये ४०० हून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत साध्या क्रीमच्या तुलनेत फरक दिसला नाही. शिवाय हे मलम, तेल नव्हे.

डॉक्टरांनी सेशनआधी काही लावू नका एवढंच सांगितलंय. सेशननंतर रात्री तेल लावलं तर चालेल का? किरण कुठे द्यायचे हे दाखवायला कातडीवर काढलेल्या मार्किंगच्या रेषा तेलाने पुसल्या जातात का? कुणी स्वतः या काळात तेल वापरलंय का?

प्रतिसाद:
माझी ट्रीटमेंट संपलीय, म्हणून लिहिते. रेषा तेलाने नक्की पुसट होतात, माझ्या एकदा पुन्हा काढाव्या लागल्या होत्या. सेशनआधी जाड थर तर नकोच, त्याने वरच्या कातडीवरचा डोस वाढतो. कातडी सुटून पाणी यायला लागलं तर त्या जागी तेल अजिबात नको, लगेच दाखवा. डॉक्टरांना मोमेटासोन या स्टेरॉइड क्रीमबद्दल विचारा, त्याचा पुरावा तेलांपेक्षा चांगला आहे. आणि ताईंना आधीच सांगून ठेवा: शेवटच्या सेशननंतर एक-दोन आठवडे त्रास वाढतो.

धागाकर्ती:
हे शेवटचं कुणी सांगितलंच नव्हतं. ती तर सेशन संपण्याचे दिवस मोजतेय. उद्याच मोमेटासोनचं विचारते आणि तेलाची बाटली न उघडता ठेवून देते.